बारशाच्या वाटेवरचा काटा

मच्छिंद्र : ...तर चाचा, ह्यो टेंपरेचरचा काटा चढत चढत न्हाई जात. मधी गपगार बसल्याला असतो, आन् फाटदिशी लालमधी! काल दवाखान्यातनं येताना गेला. आज विळदच्या घाटात गेला, राहुरीच्या पुलावर गेला, आन् आता तुमच्या गॅरेजच्या दारात.

अजीज : वाफ निघाली का?

मच्छिंद्र : टिपूस न्हाई. दर वेळी व्हॅन कडंला घेऊन बघतो, तर पाणी जागच्या जागी. काल सांजच्याला केडगावात आमच्या मिस्त्रीनं टेंपरेचरचा सेन्सर नवा टाकला. मग मी एकट्यानंच पार बायपासपत्तुर फेरी मारली, काटा हलला न्हाई. सकाळी हिला घेऊन निघालो, की परत सुरू!

चांगुणा : म्हंजे माझाच पायगुन व्हय?

अजीज : ताई, दात दुखतोय का? तोंडाला पदर लावलाय म्हणून विचारलं.

मच्छिंद्र : दुखत न्हाई. दिवाळीला स्कूटीवरनं पडली, पुढचे दात गेले. तवापासनं बाई पदराआडच हसती. काल नगरला नवे बसवले, तर आता 'स' म्हनाया गेली की 'थ' येतो. आन् नेमकं आज कोपरगावला हिच्या भावाच्या लेकीचं बारसं. ही आत्या. पाळन्यात नाव हिनंच घ्यायचं.

अजीज : मग घ्या की! काय नाव ठरलंय?

चांगुणा : न्हाई थांगत.

मच्छिंद्र : संस्कृती!

अजीज : या अल्ला. एका नावात दोन-दोन स?

चांगुणा : बघा, तुमाला बी हथू आलं. तिथं तर थगळे हथनार. पंकजा हाय ना, माझी धाकटी भन, तिलाच म्हननार हाय, तू घे नाव. मी आपली मागं उभी ऱ्हाईन.

अजीज : ते नंतर ठरवा. आधी गाडीचं बघू. हे तुमचं डावीकडचं शीट उघडतो, इंजिन त्याच्याखालीच आहे. भाऊ, नुसती किल्ली ऑन करा. मी सेन्सरची वायर काढली. काटा?

मच्छिंद्र : पार खाली. थंड.

अजीज : आता तीच वायर बॉडीला टेकवतो.

मच्छिंद्र : लाल! आसाच, आसाच जातो बघा!

अजीज : मग इंजिन तापतच नाहीये तुमचं. पाणी असं उडी मारून तापत नसतं. ही एकच वायर सेन्सरपासून काट्याकडं जाते. ती कुठंतरी सोललीय आणि मधूनच बॉडीला लागतेय. काट्याला वाटतं, पेटलं इंजिन! थांबा, वायर परत जोडून हलवून बघतो. इथं? इकडं?

मच्छिंद्र : न्हाई. न्हाई. जागचा हलत न्हाई.

अजीज : हे असंच असतं. मिस्त्री दिसला की आजार पळाला. बरं, काटा चढायचा तेव्हा तुमी करत काय होता?

मच्छिंद्र : करनार काय? सराव. मी म्हनायचो संस्कृती, ही म्हनायची थंथ्कृती, आन् मग दोघं बी हसून हसून... आयला! चाचा, घाटात बी हसत हुतो. पुलावर बी! काल दवाखान्यातनं निघालो तवा तर लई हसलो!

अजीज : आणि ताई बसल्या होत्या याच शिटावर! अन् तेच मी उघडून ठेवलंय! ताई, इकडं या. शीट लावलं, बसा त्याच्यावर.

चांगुणा : बथले.

मच्छिंद्र : न्हाई हलला.

अजीज : जरा उड्या मारा बसल्या बसल्या.

चांगुणा : अगं बाई, या वयात? ...मारल्या.

मच्छिंद्र : ढिम्म.

अजीज : मग आता नावच घ्या.

चांगुणा : न्हाई घेनार. रथ्त्यानं जानारे लोक बघत्यात.

अजीज : बघू द्या. गाडीचं औषध समजून घ्या.

चांगुणा : थंथ्... थंथ्कृ... अहो, बघू नका ना माझ्याकडं! थंथ्कृती!

मच्छिंद्र : हसली! चाचा, चढला! चढला!

अजीज : थांबू नका ताई, हसा! मी खालनं हात घालतो. हां, सापडलं! मागं रेलून हसता ना, तेव्हा शिटाचा पत्रा दाबतो वायरला. हे बघा, साल निघालंय तिचं!

चांगुणा : माझ्या हथन्यानं गाडी बिघडली! बाई गं, पोट दुखाया लागलं माझं!

मच्छिंद्र : काटा नुसता नाचतोय! वर-खाली, वर-खाली! चाचा, तुमी का डोळं पुसताय?

अजीज : काही नाही हो. थंथ्... आता मला पण तसंच यायला लागलं!

(अजीज चांगुणाला उठवून शीट उघडतो, वायरला टेप गुंडाळतो, पत्र्यापासून लांब आवळून बांधतो आणि शीट पुन्हा खाली पाडतो.)

अजीज : झालं. पण खात्री करून पाठवतो. ताई, परत बसा आणि मगाशी हसलात तसंच हसा, मागं रेलून. भाऊ, नजर काट्यावर.

चांगुणा : थांगून कथं येईल हथू?

अजीज : मग नाव घ्या, आपोआप येईल.

चांगुणा : संस्कृती.

अजीज : काय म्हणालात?

चांगुणा : संस्कृती... अहो! संस्कृती! हसून हसून जीभ वळाया लागली, नीट आलं की वो!

मच्छिंद्र : परत म्हन.

चांगुणा : संस्कृती! संस्कृती! आता पाळन्याजवळ पंकजाला फिरकू बी देनार न्हाई मी! सगळ्यांच्या म्होरं घेते बघा नाव!

अजीज : हां, हसा, असंच हसा! आणखी मागं रेला! भाऊ, हलला का काटा? ...भाऊ? अहो, काटा!

मच्छिंद्र : काय म्हाईत, चाचा. मी हिच्याकडं बघत हुतो.