ज्या स्थळानं मुलीची उंची विचारली नाही

जबाब, दि. १२/९/२०२५

नाव: अक्काताई मष्णू मुतगेकर. वय: आधार कार्डाप्रमाणे ७४, खरं जास्त असावं. धंदा: शेती, सध्या नुसती देखरेख. शिक्षण: नाही. राहणार: कंग्राळी, ता. जि. बेळगाव.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, हेच सगळं मी काल मोठ्या साहेबांना तोंडी सांगितलं होतं. साहेबांनी चहा घेतला, मान हलवली आणि आज सकाळी मलाच विचारलं, "आज्जी, तुम्ही कशासाठी आलाय?" म्हणून आता लिहून देते. साहेबांनी हे विसरायच्या आत शेवटपर्यंत वाचावं. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते तसं हवालदार भरमा कडोलकर लिहून घेतो. तो आमच्याच गल्लीतला आहे. कन्नड प्रत तोच करणार आहे.

माझ्या घरी मुलगा शामू, सून मंगल आणि नात तेजस्वी अशी माणसं आहेत. शामू उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. तेजस्वी, वय २९, ही इंजिनीअर असून समुद्राकाठच्या एका गावी नोकरीला आहे. गावाचं आणि कंपनीचं नाव बाहेर बोलायचं नाही असं तिनं बजावल्यामुळं ते इथंही सांगत नाही. साहेबांकडं पत्र तिच्या वरिष्ठांचंच आलेलं आहे, त्यावर असेल. ती अणूवर चालणाऱ्या पाणबुडीच्या नळ्यांचं काम करते. पाणबुडी म्हणजे मुद्दाम बुडणारी बोट.

मंगलनं लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेजस्वीची माहिती टाकली होती. त्यात नोकरीपुढं 'पाणबुडी' असं घातलं होतं आणि फोन नंबर माझा दिला होता. "आत्ती, तुम्हांला बोलायला आवडतंय," असं तिचं म्हणणं. नागपंचमीच्या सुमारास एका पुरुषाचा फोन आला. आपण चिकोडीचे, मुलाचे मामा, मुलगा परदेशात इंजिनीअर, असं त्यानं सांगितलं. नाव विक्रम म्हणाला. बोलणं गोड, मराठी पुस्तकातली. चिकोडीचा माणूस अशी मराठी बोलत नाही हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण शिकलेलं स्थळ म्हणून मी ते चांगल्यात धरलं. मुलगी नेमकं काय काम करते, असं त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हणाले.

मी तेजस्वीला फोन लावून विचारलं, "तेजा, तू तिथं नेमकं करतीस काय गं?"

ती म्हणाली, "आज्जी, बरी हायस न्हवं?"

मी बरी आहे म्हणाले.

"मग आजच कसं विचारलंस? नोकरी लागल्यापासनं घरातल्या कुणीच विचारलं न्हाय."

मी पगार विचारला होता, असं मी तिच्या निदर्शनास आणलं.

वाफेच्या कुठल्याही कारखान्यात असतं तेवढंच सांगते, असं म्हणून तिनं जे सांगितलं ते असं. नळीतून तापलेली वाफ जाते. तापली की नळी लांबते. दोन्ही टोकं आवळून ठेवली तर लांबलेली नळी गप्प बसत नाही, कुठं तरी जोर काढते, सांधा उकलतो. तो जोर कुठं येईल आणि किती येईल हे नळी बसवायच्या आधी हिनं काढायचं. मग कुठं वळण द्यायचं, कुठं आधार द्यायचा, कुठं मोकळं सोडायचं ते ठरतं. जमिनीवर वळणाला जागा असते, बोटीत नसते.

"म्हंजे आपल्या मंगलसारखं," मी म्हणाले. "दोन्हीकडनं आवळलंय, हलायला जागा न्हाय, आणि तापायचं तर रोज."

यावर ती पुष्कळ हसली. पुढं काही दिवस ती आपण होऊन फोन करत होती. मंगलला हा जबाब देतेवेळी बाहेर बाकावर बसवलेलं आहे.

त्या माणसाचा फोन परत आल्यावर मी नळीचं वरीलप्रमाणे सांगितलं. मग त्यानं मुलीला बघायला गणपतीत येतो म्हटलं. तेजस्वीनं गणपतीला येत नाही असं आधीच कळवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. मुलाकडच्यांना नुसतं 'येत नाही' सांगितलं की ते भलता अर्थ काढतात. म्हणून मी म्हणाले, "रजा न्हाय तिला. बोट पाण्यात उतरायची हाय, तिच्याबिगर हलत न्हाय." त्यावर त्यानं कुठल्या दिवशी, असं दोनदा विचारलं. मला माहीत नाही म्हणाले. मग नळी किती तापते, शेजारी कोण बसतं, कामाच्या जागेचा फोटो आहे का, हे विचारलं.

मी म्हणाले, "मामा, तुम्हांला नळी बघायची हाय का पोरगी?"

तो हसला. मग मी विचारायला सुरुवात केली.

"पोरगी सावळी हाय."

"चालेल."

"सैपाक येत न्हाय."

"चालेल हो, आजी."

"तुमचं देवक कुठलं?"

"तसलं आम्ही मानत नाही."

"लग्नानंतर नोकरी सोडणार न्हाय ती."

"सोडूच नये," असं तो म्हणाला.

त्यानं उंची विचारली नाही, पत्रिका मागितली नाही, मुलीचं आजोळ विचारलं नाही. मुलाकडचा माणूस 'नोकरी सोडूच नये' म्हणेपर्यंत मी जगेन असं मला वाटलं नव्हतं. तिथं मला संशय आला. मी फोन ठेवला. तो नंबर आता लागत नाही. साहेबांना दिलेला आहे.

त्याच संध्याकाळी मी तेजस्वीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आज्जी, हे मला ऑफिसात सांगायला लागणार." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जाऊन सांगितलं. तेव्हापासून तिचा गेटचा पास ऑफिसनं ठेवून घेतला आहे. ती खोलीवर बसून आहे. चौकशी झाल्यावर पास द्यायचा की नोकरीवरून काढायचं ते ठरणार आहे.

इथं येताना वाटेत शामू म्हणाला, "आई, बोटीचं काय बोललीसच न्हाय म्हण." भरमानंही मघाशी पेन थांबवून विचारलं, "आज्जी, ही ओळ लिहू नको काय?" मी लिही म्हणाले. पोरीनं तिकडं ते सांगितलेलं आहे. इथं वेगळं आलं तर ती खोटी पडते.

परंतु बोट पाण्यात उतरणार हे तेजस्वीनं मला कधीही सांगितलेलं नाही. ते मी रचून सांगितलं. लग्नाच्या बोलण्यात दोन्हीकडून असं सांगतात. शामूला बढती मिळाली असं मी मंगलच्या वडिलांना सांगितलं होतं, ती अजून व्हायची आहे. बोट खरंच उतरणार होती की नाही हे मला ठाऊक नाही. तेजस्वीला विचारलं, तिनं इकडं पाऊस आहे का ते विचारलं. मी परत विचारलं नाही. माझं बोलणं चुकून खरं निघालं तर ते तिनंच सांगितलं असं साहेब लोक धरतील, म्हणून माझ्या नावापुढं 'खोटं बोलणारी बाई' असं लिहावं. मोठ्या अक्षरात लिहिलं तरी माझी हरकत नाही.

तिचा फोन अजून येतो. जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच बोलते. नळ्यांचं काही सांगत नाही. मीही विचारत नाही.

हा मजकूर भरमानं मला मराठीत दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा 'खोटं बोलणारी' हे शब्द गाळून वाचला, ते मी घालायला लावले. आता मी बोलले तसाच आहे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

अंगठा दिल्यावर सांगितलेलं: शामू रविवारी तेजस्वीकडं जाणार आहे. मंगलनं त्याच्याबरोबर शेंगांच्या पोळ्या द्याव्यात, त्या टिकतात. पास परत मिळाला तर तिनं ऑफिसात वाटाव्यात. नाही मिळाला तर येताना गाडीत दोघांना खायला होतील, म्हणून जरा जास्तच द्याव्यात.