उत्तर आधी, गाणं नंतर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या श्रोता मंडळाचे सर्वांत जुने सभासद, धामणगावचे आदरणीय महादेवराव, मंचावरचे रेडिओ केंद्राचे अधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या निवेदिका पौर्णिमाताई, अकोल्याहून आलेल्या रहिमाबी आणि त्यांची नात यास्मीन, बडनेऱ्याचे भगवंतराव, आणि अमरावती-अकोल्याच्या गावागावांतून आलेले श्रोतेहो.

श्रोतेहो हा शब्द मी आज जरा जपून वापरते. का, ते पुढे येईल.

मी प्राजक्ता, मंडळाची चिटणीस. शाळेत मराठी शिकवते. अध्यक्षांनी मला चार शब्द बोलायला सांगितले आणि सोबत घड्याळही दाखवलं. सात वाजता टेबलावरचा हा रेडिओ लावायचा आहे. त्याच्या आत मला थांबायचं आहे.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगतात. ताईंचे गुण तुम्हाला मी काय सांगणार? या सभागृहात असा कोण आहे, ज्याने त्यांच्या आवाजावर संध्याकाळचा चहा ठेवला नाही? ‘सूर ओळखा’ सुरू झालं की घरातलं भांडण थांबायचं आणि दुसरं सुरू व्हायचं. गाण्याच्या आरंभीचा वाद्यांचा तुकडा वाजायचा, फोन लावलेला श्रोता अडखळायचा, आणि ताई म्हणायच्या, “आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा.” आमच्या घरी कोणी फार बोलायला लागलं, तर अजूनही हेच वाक्य म्हणतात.

फोन लागणारे थोडे. घरी बसून खेळणारे आपण सगळे. त्यासाठी मंडळाने व्हॉट्सअपवर गट केला. नियम सोपा. तुकडा वाजला की गाणं गटात सांगायचं, लिहून किंवा बोलून. ज्याचं उत्तर आधी, तो त्या दिवसाचा कानसेन. बक्षीस म्हणजे महादेवरावांची शाबासकी, आणि ती ते मोजून देतात. हसू नका, अध्यक्ष बघताहेत.

या खेळात रहिमाबी आल्या. त्यांना लिहिता येत नाही. यास्मीनने फोनचं बटण दाखवून दिलं आणि त्या बोलून उत्तर पाठवू लागल्या. “अरे, हे त झुल्यावालं गानं. आमच्या लग्नात वाजलं व्हतं.” त्यांची किती गाणी त्यांच्या लग्नात वाजली होती, हा गटातला विनोद झाला. भगवंतरावांनी एकदा विचारलंही, “भाभी, तुमचं लगन किती दिवस चाललं?” रहिमाबींचं उत्तर तयार. “तुमच्या पॅसेंजरपेक्षा लवकर आटपलं, भाऊ.” भगवंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. आयुष्य सिग्नलच्या केबिनमध्ये गेलं. गट दिवसभर हसला.

मग एका संध्याकाळी रहिमाबींचं उत्तर आलं आणि तुकडा अजून वाजलाच नव्हता.

मी फोन हातात धरून बसले होते. त्यांचा निरोप वाजवला. त्यांनी गाण्याचं नाव सांगितलं. मग थोड्या वेळाने त्या गाण्याचा तुकडा सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यातही. उत्तर आधी, गाणं नंतर.

आधी कौतुक झालं. कोणी म्हणालं, म्हातारीला दिव्य कान आहेत. मग कुणीतरी तो निरोप कान लावून ऐकला. रहिमाबींच्या बोलण्याच्या मागे बारीक आवाजात तोच तुकडा वाजत होता. आणखी एका निरोपात तर मागे ताईंचा आवाज होता. स्वच्छ.

आता सांगा, याचा अर्थ तुम्ही काय लावला असता? आपण जो लावला, तोच. ताई आधी रहिमाबींना फोन करतात आणि गाणं ऐकवतात.

भगवंतरावांनी केंद्राला पत्र लिहिलं आणि गटातले ते निरोप सोबत पाठवले. हे मी त्यांना विचारून सांगते आहे. काल ते म्हणाले, “मॅडम, माह्यं नाव घेऊनच सांगा. नाहीतर लोक दुसऱ्या कोनाले धरतीन.” पत्रात लिहिलं होतं की निवेदिका ओळखीच्यांना गाणी फोडतात. केंद्राने ताईंना विचारलं, रहिमाबींना ओळखता का? ताई म्हणाल्या, “ओळखते. अकोल्याच्या श्रोता मेळाव्यानंतर त्यांच्या घरी जेवले आहे.” एवढंच विचारलं गेलं, एवढंच सांगितलं गेलं. चौकशी होईपर्यंत कार्यक्रम जीवन या तरुण निवेदकाकडे गेला. ताईंची निवृत्ती जवळ आली होती. म्हणजे ज्या बाईने आयुष्यभर आपल्याला रोज ‘नमस्कार’ म्हटलं, ती एकदाही ‘येते’ न म्हणता जाणार होती.

आणि रहिमाबी? गटात एक ओळ लिहिली गेली. त्यांच्याबद्दल नव्हती, त्यांच्या लोकांबद्दल होती. ती मी इथे वाचणार नाही. लिहिणारा माणूस या सभागृहात आहे की नाही, मला ठाऊक नाही. गटात दोनशेच्या वर माणसं आहेत. त्या ओळीखाली आपल्यापैकी कोणीही काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी सुप्रभातचं फुलांचं चित्र टाकलं. त्याला बऱ्याच जणांनी हात जोडले. दुपारी रहिमाबी गटातून बाहेर पडल्या.

मंडळाची बैठक झाली. प्रश्न होता, ताईंचा निरोप समारंभ करायचा की नाही. बऱ्याच जणांचं मत नको असं होतं. महादेवरावांनी एवढंच विचारलं, “त्या बाईले कोनी इचारलं काय?” कोणी विचारलं नव्हतं. भगवंतराव उठले. “चला, मी तोंडावर इचारतो.” त्यांच्यासोबत मी गेले.

अकोल्याला रहिमाबींच्या घरी पोचलो तेव्हा कार्यक्रमाची वेळ होत आली होती. ती वेळ भगवंतरावांनी मुद्दाम धरली होती. रंगेहाथ पकडायचं होतं. त्यांनी स्वतःचा फोन रेडिओच्या ॲपवर लावून खिशात ठेवला. आपण सगळे तसंच ऐकतो. घरातला रेडिओ कधीच भंगारात गेला, आता तो फोनमध्ये आहे. रहिमाबींच्या फळीवर मात्र हा रेडिओ होता. हाच, तुमच्यासमोर आहे तो. त्याला तेव्हाही हेच क्रोशाचं झाकण होतं.

यास्मीनने पाणी दिलं. रहिमाबी कुणाकडे बघत नव्हत्या. फळीवरच्या रेडिओतून जीवनचा आवाज आला. “संध्याकाळचे सात वाजले आहेत.”

भगवंतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते घड्याळ ते रोज ताईंच्या ‘सात वाजले’वर लावत आले होते. त्यांच्या घड्याळात सात वाजले नव्हते.

“बाई, तुमचा रेडिओ पुढं हाय,” ते म्हणाले.

“रेडिओ कसा पुढं राहीन, भाऊ? त्याले काय चावी देते कोनी?”

“माह्यं घड्याळ कधी चुकत नाही.”

“मंग आमचंच सात वाजनं चुकून राहिलं असन. आमचं सगळंच चुकते आजकाल.”

त्यावर भगवंतराव काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या खिशातून आवाज आला. जीवनचाच. “संध्याकाळचे सात वाजले आहेत.”

त्यांनी फोन बाहेर काढला. फळीकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. फळीवर पहिला तुकडा वाजायला लागला होता. रहिमाबींनी, सवयीनेच असेल, गाण्याचं नाव घेतलं. मग तो तुकडा संपला. मग तोच तुकडा भगवंतरावांच्या तळहातावर सुरू झाला.

श्रोतेहो, मी शिकलेली बाई आहे. त्या खोलीत मला काही कळेना. कळलं ते यास्मीनला. ती दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, फोनवर उशिरा येते. मॅच पाहताना नाही का, शेजारचे आधीच ओरडतात?”

फोनवरचा रेडिओ फिरून येतो. कधी थोडाच मागे असतो, कधी अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त; म्हणून त्यांचं उत्तर रोज नाही, एखाद्याच संध्याकाळी आधी यायचं. रहिमाबींना कोणी आधी काही सांगत नव्हतं. त्या वेळेवर ऐकत होत्या. आपण दोनशे जण उशिरा ऐकत होतो, आणि दोनशे असल्यामुळे आपल्याला वाटलं की वेळ आपलीच बरोबर. त्यांच्या निरोपांमागे वाजणारा तुकडा फळीवरच्या रेडिओचा होता. ताईंचा आवाजही तिथलाच. आपण तो पुरावा म्हणून केंद्राला पाठवला. पुरावा खराच होता, पण कशाचा?

मी रहिमाबींना विचारलं, उत्तर पाठवताना रेडिओचा आवाज कमी का नाही केला? त्या म्हणाल्या, “कायले करू? तिनं मले थोडंच म्हटलं? फोन करनाऱ्याले म्हनते ते.”

भगवंतरावांनी चहा घेतला नाही. कप हातात धरून बसले. मग म्हणाले, “भाभी, जिंदगीभर गाडी लेट आली तर मी गाडीले लेट म्हटलं. घड्याळाले कधी इचारलं नाही.” रहिमाबी म्हणाल्या, “चहा प्या. थंडा होऊन राहिला.” माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. आजही म्हणालेल्या नाहीत. हे मी मुद्दाम नोंदवते. त्या आज आल्या आहेत त्या ताईंसाठी.

भगवंतरावांनी दुसऱ्याच दिवशी पत्र मागे घेतलं. मग आम्ही ताईंच्या घरी गेलो. सगळं ऐकल्यावर त्यांनी जे विचारलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. “म्हणजे मी बोलत होते, तेव्हा तुम्ही माझं आधीचंच ऐकत होता?” आणि नंतर, “रहिमाबीला त्या गटात काय म्हटलं, ते मला कोणी का नाही सांगितलं?”

गाणं ओळखणारी माणसं आम्ही. आवाजावरून गायक सांगतो. वर्षानुवर्षं ऐकलेल्या दोन बायांचा आवाज मात्र आम्हाला ओळखता आला नाही. हे मी कितीदा स्वतःशी बोलून पाहिलं, तरी अजून खरं वाटत नाही.

कार्यक्रम परत द्यायला उशीर झाला होता. ताईंची नोकरी आज संपते. पण केंद्राच्या अधिकाऱ्यांनी एक केलं. आज दुपारी ताईंना स्टुडिओत बोलावलं आणि त्यांचा निरोप ध्वनिमुद्रित केला. त्याबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे. तो निरोप आता सात वाजता लागेल. ताई काय बोलल्या आहेत, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाल्या, “ऐका की.”

हा रेडिओ अकोल्याहून भगवंतराव मांडीवर घेऊन आले. गाडीत शेजारच्याने विचारलं, बंद पडला का? ते म्हणाले, “हाच एक चालू हाय.” सभागृहाने, अध्यक्षांनी आणि तुम्ही सर्वांनी मला बोलू दिलं, त्याबद्दल आभार. या बोलण्यात जे कुणाला चुकून लागलं असेल, ते मोठ्या मनाने पोटात घाला. जे बरोबर लागलं, ते घरी घेऊन जा.

सात होत आले. आपापले फोन बंद करा. भगवंतराव, घड्याळ बघू नका. ताई, तुम्ही इथे रहिमाबींच्या शेजारी बसा.

रहिमाबी, झाकण काढा. इतकी वर्षं ताई लोकांना आवाज कमी करायला सांगत आल्या. तुम्ही वाढवा.