पिवळा रंग चालत न्हाई

कळमनुरीला बाजाराच्या दिवशी मी मेडिकलसमोर रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या बाईनं गोळ्यांची अर्धी पट्टी मेडिकलवाल्यापुढं ठेवली.

"ही पिवळी परत घ्या. गुडघ्याची पहिली पांढरीच द्या."

"मालनबाई, औषध एकच हाय. कंपनी तेवढी बदलली."

"एकच हाय तर अंगावर गांधी काहून उठून राहिल्या?"

"उन्हानं उठल्या असतील."

"पिवळी घेतली, उठल्या. बंद केली, बसल्या. पुन्हा घेतली, पुन्हा उठल्या. ऊन तर रोजच हाय."

"पिवळा नुसता रंग असतो, मावशी. त्याचा दुखण्याला काही उपयोग नसतो."

"उपयोग न्हाई तर मंग घातला काहून?"

"गोळी ओळखू यावी म्हणून."

"ओळखली की मी. पट्टीवर काय छापलंय ते वाचा. मोठ्यानं."

"मावशी, आटपा की," रांगेतून एकजण म्हणाला.

"थांब बाबा. तुझ्याबी गोळीत असंल."

"ॲसिक्लोफेनॅक, शंभर मिलिग्रॅम. अन् खाली... रंग, टार्ट्राझीन."

"म्हंजी छापलेलं हाय."

"हाय. या पिवळ्या रंगानं एखाद्याला गांधी उठतात खऱ्या. पांढरी संध्याकाळपर्यंत मागवतो. तवर गोळी घेऊ नका."

"अन् शेतात निंदायला गुडघे कोणाचे नेऊ, तुमचे? दुपारपर्यंत मागवा. अन् डॉक्टरच्या या चिठ्ठीवर लिहा, मालनबाईला पिवळा रंग चालत न्हाई."

"मी कसं लिहू? मी काय डॉक्टर हाय?"

"अंग तर माझंच हाय ना? तुमी लिहा. खाली सही मी करते."