हिरवा रंग उतरवताना

(हॉलिवूड, १९३६. स्टुडिओतली मेकअपची खोली, दुपार. लांब टेबलावर हार्लन टॉलिव्हरचं शव. उशाशी त्याची बायको वर्ना आणि म्हातारा मेकअपवाला अँटन झेलेंका.)

वर्ना : पण हा हिरवा का?

अँटन : पडद्यावर हिरवा दिसत नाही, बाई. काळ्या-पांढऱ्यात पांढराफटक उठतो. मेलेल्या माण… राख फासल्यासारखा.

वर्ना : मेलेल्या माणसासारखा. म्हणा की. अकरा सिनेमे केले त्याने. राक्षस हिरवा असतो हे कधी बोलला नाही.

अँटन : तुम्ही बाहेर बसा. दीडएक तास लागेल. झालं की हाक मारतो.

वर्ना : बाहेर तो ऑफिसातला माणूस बसलाय. दर दोन मिनिटांनी पाणी हवं का विचारतो. मी इथेच बरी. काय धरू?

अँटन : ही वाटी धरा मग. कोमट तेल आहे.

वर्ना : तो म्हणाला, पेटी बंद करूनच पाठवू. बघण्याचा त्रास कशाला घेता.

अँटन : मलाही तेच सांगितलं. मी म्हटलं, लावलं मी, काढणारही मीच. असलं कपाळ घेऊन मी त्याला मातीत जाऊ देणार नाही.

वर्ना : कशाचं आहे हे कपाळ?

अँटन : कापूस आणि डिंक. थरावर थर. ओढू नका, कातडी निघेल. तेल मुरू द्यायचं, मग कडेनं सोडवायचं. हं, असं.

वर्ना : रोज दुखत असेल.

अँटन : रोज. पाटीवर ज्याचं नाव असतं तो आमचा मोठा नट, तो शिव्यांची लाखोली वाहतो मला. हा गप्प बसायचा. झालं का बाबा, एवढंच.

वर्ना : घरीही तुम्हाला बाबाच म्हणायचा. मला आधी वाटलं, तुम्ही पाद्री आहात.

अँटन : मान जरा उचलता? बास.

वर्ना : काय झालं ते नीट सांगा. बाहेरचा नुसतं ‘अपघात’ म्हणतोय.

अँटन : गावकरी राक्षसाला पुलावर गाठतात आणि तो खाली पाण्यात पडतो, असा प्रसंग होता. पाणी म्हणजे आपला हौद, माझ्या छातीइतका. पडायची कामं मोठ्या नटाऐवजी हार्लनच करायचा. पडला, छान पडला. मग पालथा झाला आणि निपचित.

वर्ना : कोणी गेलं नाही?

अँटन : कागदावर तसंच लिहिलं होतं, बाई. राक्षस मरतो. पाठ तेवढी पाण्यावर दिसते. डायरेक्टर हात वर करून उभा, कोणी हलू नका, चालू द्या. कोटाच्या आत कापसाची गादी शिवलेली, खांदे मोठे दिसावेत म्हणून. ती पाणी प्यायली. त्याला वळताच आलं नसणार.

वर्ना : किती वेळ?

अँटन : रीळ संपेपर्यंत. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वर्ना : टाळ्या.

अँटन : वाटलं, काय काम केलंय. मीही वाजवल्या.

वर्ना : हा कानामागचा थर सुटत नाहीये.

अँटन : राहू द्या, मी बघतो. वर्नाबाई, आणखी एक आहे. ते बूट. एकेक तेरा पौंडांचा. त्यांचे पट्टे मी आवळतो. काल मधेच एक बूट निघाला, माझ्यावर ओरडा झाला. म्हणून आज दोन-दोन गाठी मारल्या.

वर्ना : बरं.

अँटन : मी काय सांगतोय ते—

वर्ना : ऐकलं मी. तेल संपलं वाटीतलं.

अँटन : देतो.

वर्ना : तो शॉट ठेवणार?

अँटन : ठेवायचाय त्यांना. तो माणूस त्यासाठीच कागद घेऊन बसलाय. तुमची सही लागेल. तुम्ही नाही म्हणालात, तर कापावा लागेल.

वर्ना : चेहरा दिसतो त्यात?

अँटन : नाही.

वर्ना : कधीच दिसला नाही. मी सगळे सिनेमे बघितले. पडताना डावा खांदा आधी टाकायचा, त्यावरून ओळखायचे. शेजारी जी कोणी बसली असेल तिला सांगायचे, हा माझा. बायकांना वाटायचं, हिचं डोकं फिरलंय.

अँटन : मग काय सांगू त्याला?

वर्ना : पाण्याला लागेपर्यंत ठेवा म्हणावं. तेवढं त्याने केलंय. त्यापुढचं कापा.

अँटन : ते ऐकणार नाहीत. त्यांना पुढचंच हवंय.

वर्ना : मग सही नाही.

अँटन : सांगतो. आता ओलं फडकं द्या. गालावरून मी फिरवतो, तुम्ही खालून घ्या.

वर्ना : हनुवटीवर कापलंय. हे आपल्याकडून झालं?

अँटन : नाही, सकाळचं आहे. आला तेव्हाच होतं, म्हणून मी तिथे डिंक लावला नाही. दाढी करताना लागलं म्हणाला. अंधारात करतो म्हणे. दिवा लावला की वर्नाची झोपमोड होते.

वर्ना : मी जागीच असायचे, बाबा.