सहा-सहा महिन्यांची ढाल

समारंभाचे अध्यक्ष आणि माजलगाव संघाचे मालक आदरणीय आसारामशेठ. आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत ते आपल्या महिला बास्केटबॉल लीगच्या निवड समितीचे अध्यक्ष भगवानराव नाना. व्यासपीठावर मावले तेवढे मान्यवर, न मावल्यामुळे पहिल्या रांगेत रुसून बसलेले मान्यवर. लीगमधल्या खेळाडू मुली. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे असं आम्ही पत्रिकेत छापतो, ते तुम्ही प्रेक्षकहो,

तुमचं एक दुखणं मला ठाऊक आहे. नाही, जेवण भाषणांनंतर ठेवलंय ते नव्हे. तुम्ही हंगामभर थंडीत कानाला मफलर गुंडाळून सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलात. कोण चांगलं खेळलं यावरून भांडलात. आणि हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूची ढाल कुणाला द्यायची हे ठरवायची वेळ आली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही. ज्यांनी सामने पाहिले त्यांना मत नाही आणि ज्यांना मत आहे त्यांनी सामने पाहिले नाहीत. हे मी बाहेरून बोलत नाही. मी त्या समितीत आहे. महिलांची लीग, समितीत सात जण, त्यात बाई एक. तिच्याकडे बघून पहिला प्रश्न येतो, "वकीलबाई, चहा सांगितला का?"

पण आज निरोपाचा दिवस आहे. आधी नानांबद्दल बोललं पाहिजे आणि ते मी मनापासून बोलणार आहे. नाना नसते तर ही लीग नसती. चार संघ, मुलींना हंगामाचं मानधन, मैदानावर दिवे, हे सगळं नानांनी उभं केलं. "मुली चड्डी घालून खेळणार का," असं विचारणाऱ्यांना नानांनी एका वाक्यात गप्प केलं: "तुमी बगू नका, घरी बसा." त्या वाक्यासाठी मी त्यांचा सत्कार रोज करायला तयार आहे.

नानांचा दुसरा गुण म्हणजे तडजोड. पाटोद्याकडच्या दोन भावांची विहिरीवरून डोकी फुटायची वेळ आली होती. नाना गेले, चहा प्याले आणि सांगून आले की सकाळी थोरला मोटर लावील, संध्याकाळी धाकटा. आजतागायत भांडण नाही. का टिकली ती तडजोड? कारण विहीर रात्रीतून पुन्हा भरते. नानांना मात्र त्या दिवसापासून जगातली प्रत्येक गोष्ट विहीर दिसू लागली.

या हंगामात वाद दोघींचा होता. माजलगावची बबिता आणि पाटोद्याची वैष्णवी. हा वाद मी प्रथम ऐकला तो मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर. शेजारच्या बाजेवर सिदू आणि सटवा नावाचे दोन ट्रकवाले बसले होते.

सिदू म्हणाला, "बबिता म्हंजी बबिता बे. मॅचला तीस-तीस पॉइंट काढती. तुजी वैष्णवी किती काढती? आठ?"

सटवा म्हणाला, "आन ती समोर असली की तुज्या बबिताचे किती होतेत, ते कावून सांगत न्हाईस?"

"तिची तब्येत बरी नसंल त्या दिवशी."

"चारी बार बरी नव्हती? लेका, वैष्णवी समोर आली की ताप येतो का तिला?"

मंडळी, मी विद्यापीठांतले परिसंवाद ऐकले आहेत. गुण किती केले एवढं मोजायचं की गुण किती होऊ दिले नाहीत तेही मोजायचं, हा या खेळातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि तो त्या बाजेवर शेवभाजीच्या एका ताटात निम्मा सुटला होता.

आता आमच्या समितीत तो कसा सुटला ते ऐका. बैठक विश्रामगृहात होती. भजी आली. मी विचारलं, "नाना, आपण किती सामने पाहिलेत?"

"उद्घाटनाला व्हतो की. नारळ मीच फोडला."

"आणि पुढे?"

"फुडं लग्नसराई लागली ना, बाई."

शेजारी गहिनीनाथराव होते. तेही आज मंचावर आहेत, त्यांना माझा नमस्कार. ते म्हणाले, "वैष्णवी म्हंजी ती उंच पोरगी का?"

"उंच ती बबिता."

"मग बुटकीला कावून द्यायचं? हा खेळच उंचीचा हाय."

मी अंतिम सामन्याचा शेवट सांगितला. पाटोदा एका गुणाने मागे. चेंडू वैष्णवीच्या हातात, समोर बास्केट. तिने टाकला असता तर फोटो तिचा आला असता. पण माजलगावच्या दोघी तिच्यावर धावल्या, म्हणजे आपली कुणीतरी मोकळी झाली, हे तिने न बघताच ओळखलं आणि चेंडू मंगलकडे दिला. मंगलने टाकला, पाटोदा जिंकलं. मी एवढं रंगवून सांगितलं. गहिनीनाथराव म्हणाले, "टाकला कुणी? मंगलनं. मग मंगललाच द्या की."

तेव्हा नानांनी हात वर केला. "हे बगा, जिल्ह्यात वाद नको. पैले सहा म्हैने ढाल माजलगावला, बबिताकडं. फुडले सहा म्हैने पाटोद्याला, वैष्णवीकडं. दोगी बी सर्वोत्तम."

टाळ्या पडल्या. मी म्हणाले, "माझा विरोध आहे." नाना चिटणिसाकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "लिवा, बिनविरोध. वकीलबाईंचा विरोध वगळून."

हसा, हसा. मीही हसले होते, घरी जाईपर्यंत. मग आठवलं की पुण्याच्या संघाचं निवड शिबिर पुढच्या महिन्यात आहे. आपल्या लीगची सर्वोत्तम खेळाडू तिथे थेट घेतली जाते, एकच, आणि शिबिराच्या दिवशी जिच्याकडे ढाल असेल तीच. सहा महिन्यांनी ढाल वैष्णवीकडे येईल तेव्हा त्या संघाच्या जर्सीवर बबिताचं नाव शिवून झालेलं असेल. पुण्याच्या संघाला तेविशीच्या आतली मुलगी हवी असते. वैष्णवीचं हे शेवटचं वर्ष आहे.

पहिली टर्म म्हणजे काय, हे या सभागृहाला मी शिकवायची गरज आहे का? अडीच-अडीच वर्षं ठरवून सरपंच झालेला माणूस अडीच वर्षांनी आपणहून राजीनामा देऊन घरी गेला, असा कुणी पाहिलाय? पाहिला असेल त्याने हात वर करावा. तिकडे एक हात दिसतोय. नाही, काका पंखा वाढवायला सांगताहेत. अहो, पंखा वाढवा.

आणि पहिली टर्म माजलगावलाच का? आजचं सभागृह, आजचे मांडव, आजचं जेवण आसारामशेठांचं आहे. शेठ, मी जेवणार आहे, नावं ठेवणार नाही. पण जेवणाचे उपकार जेवणाने फेडावेत, दुसऱ्याच्या मुलीच्या ढालीने फेडू नयेत.

वैष्णवीचे आईवडील आज इथे नाहीत, ऊसतोडीवर आहेत. हे मी तुमच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून सांगत नाही. वैष्णवी, तुझ्याकडे बघून कुणाला दया आली तर त्याची ढाल घेऊ नकोस. चांगल्या खेळाला दया दाखवणं म्हणजे तो खेळ पाहिलाच नाही असं कबूल करणं.

राहिली बबिता. तिसऱ्या रांगेत बसली आहे, मान खाली घालून. मान वर कर बाळ, यात तुझा काही दोष नाही. अंतिम सामन्यानंतर ही मला बाहेर नळावर भेटली होती. मी म्हणाले, छान खेळलीस. ती म्हणाली, "कुठं छान, मॅडम? ती समोर आली की मला बास्केट दिसतच न्हाई, निस्ता तिचा हात दिसतो." मी विचारलं, मग सर्वोत्तम कोण? म्हणाली, "मला तर तीच वाटती. पर मला इचारतंय कोण?"

बरोबर आहे. तिला विचारलं नाही. सिदूला नाही, सटवाला नाही, तुम्हाला नाही. उंची विचारली, तालुका विचारला, मांडव कुणाचा ते विचारलं. खेळ तेवढा विचारायचा राहिला.

नाना, तुमची शाल अजून घडीत आहे. ती खांद्यावर पडेपर्यंत तुम्ही समितीचे अध्यक्ष आहात, आणि ढाल त्या टेबलावर तुमच्या हाताच्या अंतरावर आहे. तुम्ही आयुष्यभर दोन्हीकडच्यांना खूष ठेवलंत. एकदा एका बाजूला नाराज करून बघा. चुलीवर दोन भाकरी भाजता येतात, नाना, पण सर्वोत्तम एकच असते, नाहीतर त्या शब्दाला जिल्ह्याबाहेर कुणी विचारत नाही.

आयोजकांनी माइक मध्येच बंद केला नाही, त्याबद्दल आभार. तुम्ही उपाशीपोटी ऐकलंत, त्याबद्दल तुमचे जास्त आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. कमी-जास्त बोलून गेले असेन तर नानांनी पोटात घालावं. अर्धी माफी आज दिली आणि उरलेली सहा महिन्यांनी दिली तरी माझी तक्रार नाही. माफीची वाटणी चालते.

आता मी खाली बसते. नाना, उठा, माइक हातात घ्या आणि एक नाव घ्या. बबिताचं घेतलंत तर मी उद्या तुमच्या ओट्यावर भांडायला येईन, पण ते भांडण खेळाचं असेल, टर्मचं नसेल. फक्त एक नाव, नाना. आत्ता, शाल पडायच्या आधी.