डबा उत्तम, झाकण उत्तम

नाही, पण मला सांगा, डब्याचे इंजिनिअर वेगळे आणि झाकणाचे वेगळे, हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघतं हो? आमचा प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना. मी आणि भाओजी, म्हणजे ताईचे यजमान, दोघंही इंजिनिअर, इतकी वर्षं समोरासमोर बसायचो. डबा रुसला की मी हाक मारायचो, ‘भाओजी, झाकण बघा जरा!’ की ते तोंडातला घास गिळत उठायचे, मिटलं! तर आले नवे साहेब. ‘टीमची फेररचना! ज्याने त्याने आपल्या कामात तज्ज्ञ व्हायचं!’ म्हणजे काय? मी खाली डब्यात, भाओजी वरच्या मजल्यावर झाकणात, आणि जिना चढायचा तर परवानगी घ्या!

आणि तुम्हाला सांगतो, डबे दुप्पट निघायला लागले, झाकणं अशी चकचकीत की भांग पाडावा! साहेब खूश. डबा उत्तम, झाकण उत्तम! फक्त झाकण डब्यावर बसेना. खुळखुळायचं हो! ज्या गिऱ्हाइकाच्या जिवावर कारखाना चालायचा ते म्हणालं, ‘महिनाअखेर नीट बसवून द्या, नाहीतर आमचा नमस्कार!’

आता ते गेलं तर आमची चूल कशी पेटणार? धावलो साहेबांकडे. ‘तुमचा डबा उत्तम ना? मग झाकणात कशाला नाक खुपसता?’ भाओजींना विचारलं तर ते ताठ, ‘आमचं झाकण उत्तम. खोट डब्यात.’ मी म्हटलं, खोट तुमच्यात! झालं, बोलणं बंद. ताई रडकुंडीला, ‘अरे, घरात कसल्या पार्ट्या करताय?’ काय सांगू तिला? डबा उत्तम, झाकण उत्तम!

गेलं गिऱ्हाईक. कारखान्याला टाळं. साहेबांनी शेवटी आम्हाला एकत्र केलं... एकाच दिवशी घरी बसवलं!

काल ताईने दोघांना एका टेबलाशी बसवून पुढ्यात चहा आदळला. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, ‘संख्या वाढवायला आम्ही डबे साच्यातून गरमच काढायचो. पण माप अगदी बरोबर भरायचं हं!’ भाओजींचा कप हवेतच राहिला. ‘अरे गाढवा, गरम असताना भरणारच! वर माझ्याकडे येईस्तोवर ते आक्रसायचे! साच्यात जरा निवू द्यायचे होतेस...’

संपलं! चहा संपायच्या आत उत्तर सापडलं हो! भाओजींच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. पण आता सांगायचं कुणाला? कारखाना बंद, साहेब दुसरीकडे फेररचना करायला गेलेले...

म्हणून तर तुम्हाला सांगतोय!