इंग्लंडच्या आतेसासूबाई

…नाही हो आत्या, डास नव्हते. डासांनी नाही जागवलं मला. तुम्ही विचारताय ना – असा गालाला हात लावून, मान तिरकी करून – झोप झाली का म्हणून? नाही झाली. काल तुम्ही चैतीला विचारलंत, उन्हाळ्यात येशील का माझ्या घरी, इंग्लंडला, आणि सुदर्शनने ते मराठीत सांगितलं – आणि माझी पाच वर्षांची पोरगी, जी कुणी गोळी पुढे केली तरी आधी माझ्या तोंडाकडे बघते, ती मोठ्या बाईसारखी म्हणाली, “उद्या सांगते.” झालं. ती झोपली निवांत, भिंतीकडे तोंड करून. आणि मी कौलं मोजत पडले. उद्या म्हणजे आज. हो म्हणाली तर काय करायचं? नाही म्हणाली तर तिच्या बापाचा चेहरा कसा बघायचा? मला कुणी विचारलेलंच नाही, ते वेगळंच.

घ्या, चहा घ्या. साखर कमी घातलीय, काल तुम्ही अर्धा कप तसाच ठेवलात ते बघितलं मी. छान? हां, छान. तुम्हाला ‘छान’ आणि ‘पाणी’ एवढं येतं, आणि माझं इंग्रजी बी.एड. पास होण्यापुरतं. वाचलेलं कळतं, पण तोंड उघडलं की कुलूप. तुम्हाला नाही म्हणायचं वाक्य पहाटे तीनदा जुळवलं होतं हो मी, व्याकरणासकट. चुलीपुढे म्हणूनही बघितलं. तुमच्यासमोर आले आणि निघालं काय – ‘गुड मॉर्निंग’. म्हणून आता मराठीतच बोलते. तुम्हाला कळत नाही म्हणूनच बोलते खरं तर. सुदर्शन जीप आणायला मोखाड्याला गेलाय, सासूबाई खळ्यावर गेल्यात, पोरगी झोपलीय. तो आला की मग सगळं तुमच्या दोघांचंच चालेल – अँसेस्टर, अँसेस्टर.

राग नाही हो माझा. बसा. तुम्ही वाईट असता ना, तर फार बरं झालं असतं.

आता बघा, ठाण्याला त्याच्या कंपनीत दिवाळीला सगळ्यांना ती नळी वाटली. थुंका आणि पाठवा, तुमचे पूर्वज सांगतो. बाकीच्यांनी नळ्या टाकून दिल्या, आमचे हे थुंकले. मला वाटलं, येऊन येऊन काय येणार, हे आमचं पोशेरा आणि फार तर साखरशेत, माझं माहेर. तर तुम्ही आलात! आधी कॉम्प्युटरवर, मग इथे, ह्या ओट्यावर, हा एवढा कागद गुंडाळून घेऊन. काल तो पसरला तर ओटा पुरेना, एक टोक उडू नये म्हणून सासूबाईंनी वर पाटा ठेवला. खाली सुदर्शन. त्याच्यावर त्याचे वडील जगन, त्यांच्यावर बुध्या, त्यांच्यावर जिवा, आणि जिवाच्या डोक्यावर तुमचा थॉमस साहेब – जव्हारला जंगलाच्या कामावर आलेला. तिथून जे चढत गेलंय ते थेट कुठल्याशा एडवर्ड राजापर्यंत. पहिला की तिसरा, रात्री सुदर्शनला विचारलं तर त्यालाही सांगता येईना, पण छाती अशी फुगलेली! “ममता, राजघराणं आपलं.” अहो, आमच्या जव्हारला राजा होता, राजवाडा आहे, पाहुणे आले की आम्ही तिथे नेऊन फोटो काढतो. तिथे कधी नातं निघालं नाही. निघालं ते एकदम सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात. हसू नको तर काय करू.

तुम्ही सुदर्शनच्या आत्या लागता, म्हणजे माझ्या आतेसासू. हे मी गमतीने म्हटलं, तर सासूबाईंनी ते खरंच धरलं. त्यांची नणंद आली ना! तुमच्या पायावर पाणी घातलं, ओटी भरली, आणि ते हिरवं लुगडं – ते त्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुम्ही ते खांद्यावर घेऊन रडलात. मग मी पण रडले. आणि रडता रडता म्हटलं, मेले, आता कसं गं नाही म्हणणार तू ह्या बाईला?

आणि ती चौकट. जिवाच्या वर दोन चौकटी होत्या ना, एक साहेबाची, नाव, गाव, जन्म, मरण, सगळं. शेजारच्या चौकटीत नुसतं – स्थानिक स्त्री, नाव माहीत नाही. तुम्ही विचारलंत, नाव काय तिचं? सासूबाई म्हणाल्या, काळी. तुम्ही पेन्सिल काढून लिहिलंत, हळूहळू, अक्षर चुकू नये म्हणून जीभ दातात धरून. फार चांगलं केलंत. खरंच. पण मग तुम्ही विचारलंत, ती कशी होती, दिसायची कशी, आणि सासूबाईंनी चैतीला पुढे ढकललं – “ही काय. हीच काळी.” सुदर्शनने ते तुम्हाला काय म्हणून सांगितलं कोण जाणे. तुम्ही आपलं चैतीच्या गालाला हात लावून ‘छान’ म्हणालात. तोंडावळा सारखा आहे, असं वाटलं असेल तुम्हाला. तसं नाहीये ते.

आमच्याकडे ना आत्या, मूल जन्मलं की कोण परत आलंय ते बघतात. चैती बारा दिवसांची होती, दूध घेईना, रडून निळी व्हायची. दवाखान्यात दाखवून आणलं, सगळं ठीक म्हणाले. मग भगत बसला. काशाच्या वाटीत पाणी, त्यात भाताचा एक दाणा सोडलेला, टरफलासकट, तरंगणारा. मग घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन दुसरा दाणा सोडायचा. दोन दाणे जुळले की ते माणूस आलं. बुध्याच्या नावाला जुळले नाहीत. जिवाच्या नावाला नाहीत. काळीचं नाव घेतलं – आणि दोन्ही दाणे असे सरकत गेले आणि चिकटले. मी बी.एस्सी. आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू जवळ येतात ते पृष्ठताणामुळे, हे मी आश्रमशाळेत दरवर्षी वाटीत टाचण्या सोडून दाखवते. तेव्हाही तेच म्हटलं मनात. पण त्या संध्याकाळी पोरगी दूध प्यायली. आता काय करता? दोन्ही खरंय म्हणायचं आणि गप्प बसायचं. मी गप्प बसले. गप्प बसणं मला छान येतं.

तर सासूबाई तिला गोष्टी सांगतात, काळीच्या – म्हणजे तिच्याच. तू साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायचीस. राखेनं घासून घासून बोटं फाटली होती तुझी. मग एक दिवस तू हातातलं पातेलं तिथेच ठेवलंस आणि जव्हारहून चालत घरी आलीस, आणि मग जिवा झाला. गोष्ट संपली. मधलं काही सासूबाई सांगत नाहीत. त्यांना त्यांच्या सासूनेही सांगितलं नाही. घरात कुणी काळीला विचारलंच नाही म्हणे, आल्या आल्या भाकर वाढली फक्त. मला आधी हे फार मोठं वाटायचं, न विचारणं. हल्ली कळत नाही. तुम्ही काल विचारलंत ना सुदर्शनला – तेवढं इंग्रजी कळलं मला – की त्या दोघांचं प्रेम होतं का? आणि तो म्हणाला, बहुतेक. बहुतेक! जसं काही तो तिथे खिडकीत बसला होता.

प्रेम असेलही. मला काय ठाऊक. पण पहाटे वाक्य जुळवताना मला सारखं हेच येत होतं, की तिला कुणी ‘येतेस का’ म्हणून विचारलं असेल का? आणि विचारलं असेल, गोड बोलून, तुमच्यासारखं खाली वाकून – तर नाही म्हणायला तिच्याकडे काय होतं? माझ्याकडे तर पदवी आहे, पगार आहे, आणि मी तुम्हाला चहा देतेय. काल तुम्ही म्हणालात ना, त्या चर्चमध्ये राजा पुरलाय, उन्हाळ्यात तिथे सगळं खानदान जमणार, दोनशे माणसं, आणि मधोमध माझी चैती उभी. सगळे टाळ्या वाजवतील. प्रेमाने वाजवतील, तुमचे लोक तुमच्यासारखेच असतील. आणि परत आली की हा ओटा बघेल, आजीचे पाय बघेल – आणि तिला ते लहान दिसेल. एकदाच दिसेल, पण मग दिसतच राहील.

आणि खरं सांगू? कुणाला बोलू नका. म्हणजे, तुम्ही काय बोलणार! मी शाळेतल्या रोहिणीबाईंकडून त्यांचा लाल कोट मागून ठेवलाय. परवाच, तुम्ही बोलावणार अशी कुणकुण लागल्या लागल्या. घालूनही बघितला, दार लावून. तेव्हा नको म्हणणारी पण मीच आणि आरशापुढे वळून बघणारी पण मीच. मग ह्या दोघींतल्या कुणाकडून नाही म्हणू मी? म्हणून त्या पोरीवर टाकलंय सगळं. पाच वर्षांच्या पोरीवर. तिने नाही म्हणावं, म्हणजे मला म्हणावं लागणार नाही. अशी आई आहे मी. छान? नका हो छान म्हणू.

जीपच वाटतं. हो, सुदर्शनच. आला. हे बघा, उठली पण ही, नाक पुसत. ये चैती, तोंड धू आधी – बरं, नको धू. बस. अहो, चप्पल तिथेच काढा आणि इकडे या, ही उत्तर देतेय तुमच्या आत्यांना, सांगा त्यांना इंग्रजीत. मी नाही काही शिकवलेलं, शपथ. मी मध्ये बोलत नाही. बोल बाळा. काल म्हणालीस ना उद्या सांगते? ह्या आजी तुला त्यांच्या घरी न्यायला बघतायत, लांब, विमानातून. माझ्याकडे नको बघू, त्यांच्याकडे बघ. जाशील?

“येईन मी. पण या खेपेला भांडी नाही घासणार.”